बहु-कोअर सर्व्हरवरील पॅकेट-अग्रेषण : मंदगतीचे निदान

मालवणहून आचरे, कट्टा किंवा तारकर्ली-देवबाग या बाजूंस जाताना विजेच्या खांबांवरून गेलेल्या बारीक काळ्या तारा आता कोणाच्या नजरेत भरत नाहीत. ज्या मंडळींनी एके काळी दूरचित्रवाणीच्या वाहिन्या घरोघर पोचविण्यासाठी केबल ओढली, त्यांच्यापैकी कित्येकांनी पुढे त्याच वाटेने प्रकाशतंतू नेऊन इंटरनेट देण्याचा व्यवसाय आरंभिला. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून गावी परतलेले चाकरमानी ओटीवर बसून कचेरीचे काम करू लागले, मुलांचे वर्ग व परीक्षा तारेवरून होऊ लागल्या, आणि जी वस्तू तोवर बरीचशी करमणुकीची समजली जात होती तिच्यावर पगार आणि गुणपत्रिका अवलंबून राहिल्या.

या व्यवसायातील एका ठरावीक तक्रारीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तक्रार अशी : दिवसभर सर्व सुरळीत असते, रात्री आठ-साडेआठच्या सुमारास एखादे पान उघडू गेल्यास क्षण-दोन क्षण काहीच होत नाही, आणि एकदा उघडू लागले म्हणजे भराभर उघडते. व्हिडिओवरील संभाषणात समोरच्याचे बोलणे नीट ऐकू येते, पण आपले बोलणे त्याला तुटक ऐकू जाते. गती मोजण्याची चाचणी घ्यावी, तर डाउनलोडचा आकडा समाधानकारक येतो. कोकणात अशा वेळी पहिला संशय तारेवर जातो, व तो स्वाभाविकही आहे. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरील खांबांची आणि तारांची जी दशा केली ती सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु तुटू आलेल्या किंवा सांध्यात पाणी शिरलेल्या तारेस घड्याळ कळत नाही. जो दोष रोज ठरावीक वेळी येतो आणि मध्यरात्रीनंतर आपोआप नाहीसा होतो, त्याचे मूळ तारेत नसून भारात असते. तारेवरून संशय उठला की तो सर्व्हरवर जातो आणि अधिक कोअर असलेला नवा सर्व्हर विकत घेण्याचा सल्ला मिळतो. छोट्या व्यावसायिकास हा खर्च लहान नसतो. शिवाय पुष्कळदा असे घडते की, नव्या यंत्रावर तोच दोष जसाच्या तसा पुन्हा उभा राहतो. असे का व्हावे, हा आपला प्रश्न आहे.

प्रथम थोडा हिशेब केला पाहिजे. अग्रेषण म्हणजे एका कार्डावर आलेले पॅकेट तपासून, ते कोठे जावयाचे हे ठरवून, दुसऱ्या कार्डावरून बाहेर धाडणे. या कामाची मोजदाद बिटांत न करता पॅकेटांत करावी लागते. कारण यंत्रास पडणारे श्रम जवळजवळ सर्वस्वी पॅकेटाच्या शीर्षभागापायी पडतात. आतील मजकूर पन्नास बाइटांचा आहे की पंधराशे, याचे त्यास फारसे सोयरसुतक नसते. ईथरनेटवरील लहानात लहान चौकट ६४ बाइटांची. तिच्यापूर्वीचे ८ बाइटांचे पूर्वचिन्ह आणि नंतरची १२ बाइटांची सक्तीची मोकळी जागा धरून ती तारेवर ८४ बाइट व्यापते. सेकंदास १० गिगाबिट वेगाच्या तारेवर अशी पॅकेटे सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार येऊ शकतात. प्रत्येकाच्या वाट्यास ६७.२ नॅनोसेकंद येतात, म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या कोअरचे सुमारे दोनशे ठोके. मुख्य स्मृतीपर्यंत एक फेरी मारावयाची तर साधारण ७० ते १०० नॅनोसेकंद लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही मुदत किती तोकडी आहे ते कळेल : जवळच्या कॅश-स्मृतीत न सापडलेली एकच गोष्ट आणावयास जावे, तोवर पुढचे पॅकेट दाराशी उभे असते. उलट पॅकेटे पूर्ण आकाराची असतील, तर तीच तार सेकंदाला केवळ ८ लाख १२ हजार पॅकेटे आणते व प्रत्येकास सुमारे १२३० नॅनोसेकंद मिळतात. एकच तार, एकच गिगाबिटांचा आकडा. परंतु श्रमात अठरापटींचे अंतर. सेवादात्याच्या भिंतीवरील आलेख मात्र बहुधा बिटांचाच असतो.

लिनक्सचे कर्नल साधे अग्रेषण करते तेव्हा एका कोअरकडून सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पॅकेटे पार पडतात. त्यात पत्तांतरण, प्रवाहांची नोंदवही, ग्राहकागणिक गतिमर्यादा आणि नियमांची लांब यादी यांची भर पडली की हा आकडा कित्येक पटींनी खाली येतो. विद्यार्थ्यांचा कल अशा वेळी मार्ग-तक्त्यातील शोधाला दोष देण्याकडे असतो. पाठ्यपुस्तकांत त्या शोधाच्या युक्त्यांना मोठे स्थान आहे खरे. पण गावातील सेवादात्याच्या तक्त्यात आपल्या ग्राहकांचे मार्ग आणि मुंबईकडे जाणारा एक सरधोपट मार्ग याहून फारसे काही नसते. तेथे वेळ जात नाही.

या यंत्रांची एक जुनी व्याधी येथे सांगितली पाहिजे, कारण आजची रचना तिच्यावरील उपायातून निघाली आहे. पूर्वी प्रत्येक पॅकेट आले की कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट देई व तो हातचे काम टाकून पॅकेट उचलून घेई. भार वाढत गेला की प्रोसेसरचा सारा वेळ पॅकेटे उचलण्यातच जाई आणि उचललेली पुढे पाठविण्यास सवडच उरत नसे. येणारी पॅकेटे जितकी अधिक, तितकी जाणारी कमी. अखेर यंत्र अखंड राबत असता बाहेर एकही पॅकेट पडत नसे. मोगल आणि के. के. रामकृष्णन् या दोघांनी १९९६ मध्ये या अवस्थेचे विवेचन करून तिच्यावर उपाय सुचविले. लिनक्समध्ये २००१ च्या सुमारास सालिम, ओल्सन व कुझ्नेत्सोव्ह यांनी नॅपी या नावाने अशीच पद्धत आणली : पहिल्या पॅकेटाने इंटरप्ट द्यावा, मग इंटरप्ट बंद ठेवून कर्नलनेच कार्डाच्या रिंगमधून, म्हणजे चक्राकार रांगेतून, पॅकेटे तुकडी-तुकडीने उचलावीत आणि रिंग रिकामी झाली की इंटरप्ट पुन्हा चालू करावा. एका फेरीत किती उचलावीत यालाही मर्यादा असते. लिनक्समध्ये ती प्रचलनानुसार ३०० पॅकेटांची आहे. मर्यादा संपूनही काम उरले, तर त्याची नोंद होते. ही नोंद पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता अनेक कोअर आले, तेव्हा काम वाटून कसे द्यावयाचे? पॅकेटे आळीपाळीने वाटणे ही सुचणारी पहिली युक्ती आणि नेमकी तीच वर्ज्य. एकाच प्रवाहाची पॅकेटे निरनिराळ्या कोअरवर गेली की त्यांचा क्रम बिघडतो. टीसीपीच्या नियमानुसार पाठविणाऱ्यास एकच पोच तीनदा पुन्हा आली की तो मधले पॅकेट हरवले असे समजतो आणि आपला वेग निम्म्यावर आणतो. काहीही न हरवता हरवल्याची शिक्षा भोगावी लागते. म्हणून एका प्रवाहाची सर्व पॅकेटे एकाच कोअरकडे जातील आणि निरनिराळे प्रवाह निरनिराळ्या कोअरांकडे जातील, अशी वाटणी हवी. नेटवर्क कार्डे हे काम स्वतःच करतात. पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि दोन्ही बाजूंचे पोर्ट-क्रमांक या चार गोष्टींवरून कार्ड एक हॅश काढते; त्या हॅशचे शेवटचे काही अंक घेऊन एका तक्त्यात पाहते; बऱ्याच कार्डांत हा तक्ता १२८ घरांचा असतो. घरात ज्या रांगेचा क्रमांक लिहिलेला असेल त्या रांगेत पॅकेट टाकते. प्रत्येक रांगेचा इंटरप्ट एकेका कोअरला नेमून दिलेला असतो. प्रवाह हजारोंनी असले म्हणजे ही वाटणी पुरेशी समान पडते.

सर्व गोष्टी ज्यावर अवलंबून आहेत ती अट येथे दडली आहे : कार्डाला ते चार आकडे वाचता आले पाहिजेत.

ग्राहकाचे नाव, परवलीचा शब्द आणि हिशेब यांच्या सोयीसाठी अनेक सेवादाते पीपीपीओई ही पद्धत वापरतात. तिचे प्रमाणपत्रक फेब्रुवारी १९९९ चे, आर.एफ.सी. २५१६. तीत ग्राहकाचे आयपी पॅकेट आणखी आठ बाइटांच्या वेष्टनात घातले जाते, आणि बाहेरच्या ईथरनेट-शीर्षावर आतील मालाचा प्रकार म्हणून आयपीचा नव्हे तर पीपीपीओईचा क्रमांक असतो. टपालातील वर्गीकरणाचे उदाहरण घ्या. पाकिटावरील गावाचे नाव वाचून कारकून ते योग्य खणात टाकतो. मुंबईच्या चाकरमान्याने कुडाळ, देवगड, वेंगुर्ले अशा निरनिराळ्या गावी धाडलेली पाकिटे शिवलेल्या थैल्यांत आली, आणि थैलीवर ‘थैली’ एवढेच लिहिलेले असले, तर थैली न उघडणारा कारकून प्रत्येक थैली पहिल्या खणातच टाकणार. पुष्कळ नेटवर्क कार्डे असेच करतात. आतील पत्ते त्यांना दिसत नाहीत, हॅश काढता येत नाही, म्हणून सारी पॅकेटे शून्य क्रमांकाच्या रांगेत पडतात. रांगा सोळा, कोअर सोळा, आणि काम एकाकडे.

यातही एक विषमता आहे व तीच मूळ तक्रारीचा उलगडा करते. मुंबईहून येणारी डाउनलोडची पॅकेटे सर्व्हरच्या वरच्या कार्डावर साध्या आयपी स्वरूपात येतात. त्यांची वाटणी उत्तम होते. त्यांना वेष्टन चढते ते बाहेर पडताना, आणि बाहेर पडताना वाटणीचा प्रश्न राहत नाही. ग्राहकांकडून येणारी पॅकेटे मात्र खालच्या कार्डावर वेष्टनासह येतात. म्हणजे अडचण केवळ अपलोडच्या वाटेवर आहे. अपलोड तर थोडेच असते, असे यावर कोणी म्हणेल. आलेखही तसेच सांगतो. येथेच बिटांचा आलेख दगा देतो. ग्राहक जे काही उतरवून घेतो त्याची पोच त्याला परत पाठवावी लागते, आणि टीसीपीत साधारणपणे दर दोन पॅकेटांस एक पोच जाते.

उदाहरणासाठी काही आकडे गृहीत धरू. समजा, रात्री नऊच्या सुमारास एका सर्व्हरवरून सेकंदाला ६ गिगाबिट डाउनलोड चालले आहे आणि पॅकेटे पूर्ण आकाराची आहेत. पीपीपीओईमुळे पॅकेटाची कमाल लांबी १४९२ बाइट. ईथरनेटचा सर्व सरंजाम धरून वरच्या तारेवर १५३० बाइट. म्हणजे सेकंदाला सुमारे ४ लाख ९० हजार पॅकेटे, आणि त्यांच्या २ लाख ४५ हजार पोचा. प्रत्येक पोच वेष्टनासह सुमारे ७४ बाइटांची. सर्व मिळून बिटांत जेमतेम १४५ मेगाबिट भरतात. १० गिगाबिटांच्या तारेचा हा दीड टक्काही नव्हे. आलेखावर ही रेषा तळाशी लोळत असते. परंतु प्रत्येक पोचेमागे वेष्टन काढणे, नोंदवही पाहणे, पत्ता बदलणे आणि नियम तपासणे यांत मिळून चार मायक्रोसेकंद जात असतील, तर २ लाख ४५ हजारांस ०.९८ सेकंद लागतात. शून्य क्रमांकाचा कोअर सेकंदातील ९८ शतांश वेळ नुसत्या पोचांत गुंतला. अजून कोणी एक छायाचित्रही वर पाठविलेले नाही, एकही शब्द बोललेला नाही. डाउनलोडच्या बाजूस आणखी एक सवलत मिळते : एकाच प्रवाहाची लागोपाठ आलेली पॅकेटे कर्नल जोडून एक करते आणि एकदाच हाताळते. नुसत्या पोचांत मजकूर नसल्यामुळे त्या अशा जोडता येत नाहीत. त्यांचे श्रम एकेकटे मोजूनच द्यावे लागतात.

आता लक्षणे जुळवून पाहू. रिंग भरली की कार्ड पॅकेटे टाकून देते. पोच हरवली तर फारसे बिघडत नाही, कारण पुढची पोच आधीच्या सर्वांची भरपाई करते. म्हणून डाउनलोडचा आकडा चांगला येतो. पण नवी जोडणी मागणारे पहिले पॅकेट हरवले, तर ग्राहकाचे यंत्र ते पुन्हा पाठविण्यापूर्वी एक सेकंद थांबते. २०११ मधील प्रमाणानुसार हा आरंभीचा अवधी एक सेकंदाचा आहे. पान क्षणभर उघडत नाही आणि मग भराभर उघडते, ते यामुळे. बोलणाऱ्याचा आवाज वर जातो तो याच वाटेने, त्याला पुन्हा पाठविण्याची सोय नसते, म्हणून तो तुटतो. समोरच्याचा आवाज दुसऱ्या, मोकळ्या वाटेने येतो. आणि सर्व्हरचा व्यवस्थापक प्रोसेसरचा सरासरी वापर पाहतो, तर सोळांपैकी एक कोअर पूर्ण भरल्याने सरासरीत पडणारी भर सव्वासहा टक्के. त्याला यंत्र निवांत दिसते. परीक्षेच्या मध्यास ज्या मुलीची उत्तरपत्रिका वर जाता जात नाही, तिच्या घरी सर्व्हरवाला प्रामाणिकपणेच सांगतो की आमच्याकडे काही दोष नाही.

निदानाचा क्रम यावरून सहज सुचतो. दोष चालू असतानाच मोजावे. दुपारी बारा वाजता घेतलेल्या मापाला अर्थ नाही. प्रथम ‘एमपीस्टॅट’ने प्रत्येक कोअर स्वतंत्रपणे पाहावा, आणि त्यातही सॉफ्ट-इंटरप्टचा रकाना. एकच कोअर शंभराला टेकला असेल व बाकीचे रिकामे असतील, तर अर्धे निदान झाले. त्यानंतर ‘एथटूल’ने कार्डाच्या प्रत्येक रांगेतील पॅकेटांचे आकडे दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा घेऊन वजाबाकी करावी. एकूण आकडा यंत्र चालू झाल्यापासूनचा असतो. तो पाहून निष्कर्ष काढणे ही नेहमीची चूक आहे. शून्य क्रमांकाच्या रांगेत सर्व वाढ आणि इतर रांगा स्तब्ध, असे चित्र दिसले म्हणजे थैल्यांचा प्रकार उघड झाला. मग ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘सॉफ्टनेट-स्टॅट’ ही नोंद पाहावी. तीत प्रत्येक कोअरची एक ओळ असते व आकडे षोडशमान पद्धतीचे असतात : पहिला हाताळलेल्या पॅकेटांचा, दुसरा कर्नलच्या आतील रांग भरल्यामुळे टाकलेल्यांचा, तिसरा वर सांगितलेल्या अपुऱ्या राहिलेल्या फेऱ्यांचा.

पॅकेट कोठे टाकले गेले यावरच उपाय ठरतो, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. कार्डाच्या स्वतःच्या नोंदीत, रिंग भरल्याने हुकलेल्या पॅकेटांचा आकडा वाढत असेल (त्याचे नाव कार्डागणिक बदलते), तर कोअर पुरा पडत नाही. सॉफ्टनेटच्या दुसऱ्या रकान्यात वाढ असेल, तर पॅकेट कार्डावरून उचलले गेले, पण पुढच्या कोअरकडे देताना जागा नव्हती. बाहेर पडण्याच्या रांगेत टाकले जात असेल, तर अग्रेषण नीट चालले असून पुढची तार अथवा गतिमर्यादा अपुरी आहे. या तिन्हींचे बाह्य लक्षण एकच, ‘नेट हळू चालते’. उपचार मात्र परस्परांशी काडीचा संबंध नसलेले. यानंतरच ‘पर्फ’ लावून भरलेल्या कोअरचा वेळ कोणत्या कार्यात जातो ते पाहावे. पुष्कळजण आरंभच तेथून करतात आणि दोन दिवस कर्नलच्या फलनांची नावे वाचीत बसतात.

लोकप्रिय पण निष्फळ उपायांविषयीही लिहिले पाहिजे. रिंग ५१२ घरांवरून ४०९६ घरांची करणे हा पहिला. क्षणिक लोंढ्यावर तो ठीक आहे. परंतु कोअर कायमचाच अपुरा असेल, तर पॅकेट हरवावयाचे ते हरवतेच, आणि जे वाचते ते चार मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने सोळा मिलिसेकंद उशिरा निघते. दुसरा उपाय, इंटरप्टांची आपोआप वाटणी करणारा ‘आयआरक्यू-बॅलन्स’ हा कार्यक्रम. तो रांगा कोअरांत वाटतो. एकच रांग भरलेली असता तो ती या कोअरवरून त्या कोअरवर हलवील, तिचे तुकडे करणार नाही. शिवाय प्रत्येक हलवाहलवीत कॅश नव्याने भरावी लागते. तिसरा उपाय अधिक कोअरांच्या सर्व्हरचा. अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम येथे अगदी उघडा होतो : कामाचा जो भाग वाटता येत नाही तोच अखेर वेग ठरवितो, आणि आपल्या उदाहरणात वाटणी मुळीच होत नाही. सोळांऐवजी चौसष्ट कोअर घेतल्यास रिकामे पंधराचे त्रेसष्ट होतील. एवढेच नव्हे, अधिक कोअरांच्या प्रोसेसरमध्ये एकेका कोअरचा वेग पुष्कळदा कमी असतो. तेव्हा पैसे खर्चून दोष वाढविल्याचेही फळ पदरी पडू शकते.

खऱ्या उपायांपैकी सर्वांत स्वस्त कर्नलमध्येच आहे. टॉम हर्बर्ट यांनी केलेली व २०१० मध्ये लिनक्सच्या २.६.३५ या आवृत्तीत दाखल झालेली आरपीएस ही सोय कार्डाऐवजी कर्नलमध्ये हॅश काढते. कर्नलला पीपीपीओईचे वेष्टन ओलांडून आतील पत्ते वाचता येतात. पहिला कोअर पॅकेट उचलतो, हॅश काढतो आणि ते दुसऱ्या कोअरच्या रांगेत टाकून मोकळा होतो. पत्तांतरण, नियम वगैरे जड काम तिकडे होते. एका प्रवाहाचा हॅश एकच असल्याने क्रमही बिघडत नाही. ही सोय मुळात बंद असते. प्रत्येक रांगेसाठी कोणते कोअर वापरावयाचे त्याचे चिन्हांकन लिहून ती चालू करावी लागते. तिची मर्यादाही स्पष्ट आहे. उचलणे आणि हॅश काढणे पहिल्या कोअरकडेच राहते. चारांपैकी अर्धा मायक्रोसेकंद त्यात जातो असे धरल्यास आठपटींहून अधिक लाभ कधीही होणार नाही, कोअर कितीही असोत. दुसऱ्या कोअरच्या रांगेची मर्यादा प्रचलनानुसार एक हजार पॅकेटांची असते. ती भरू लागली की सॉफ्टनेटचा दुसरा रकाना हलतो आणि मग ती वाढवावी लागते.

दुसरा उपाय ओबडधोबड आहे, पण आमच्या मते छोट्या व्यावसायिकास तोच अधिक मानवतो. शून्य क्रमांकाची रांग प्रत्येक पोर्टास वेगळी असते. तेव्हा सर्व गावांची वाहतूक एका पोर्टावर गोळा न करता मालवण शहर एका पोर्टावर, आचऱ्याची बाजू दुसऱ्यावर, कट्ट्याची तिसऱ्यावर, तारकर्ली-देवबाग चौथ्यावर अशी आणावी आणि चारही पोर्टांच्या पहिल्या रांगा चार निरनिराळ्या कोअरांस बांधून द्याव्यात. थैल्या उघडता येत नसतील, तर त्या चार दारांनी घ्याव्यात, इतकाच यातला विचार. पर्यटनाच्या हंगामात तारकर्लीचे दार अधिक भरेल, गणपतीत आचऱ्याचे. वाटणी कधीच समसमान होणार नाही. तरीही एका कोअरऐवजी चार राबू लागतात आणि बिघाड झालाच तर तो एका बाजूपुरता राहतो. सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसर असतील, तर कार्ड ज्या प्रोसेसरच्या खाचेत बसले आहे त्याच प्रोसेसरचे कोअर या कामास द्यावेत. नाहीतर प्रत्येक पॅकेट दोन प्रोसेसरांमधील पूल ओलांडत राहते.

तिसरा मार्ग थैली उघडून वाचणाऱ्या कार्डाचा. इंटेलच्या ई-८१० मालिकेतील कार्डांत दूरसंचारासाठीचे वेगळे संच चढवून पीपीपीओईच्या आतील पत्त्यांवर हॅश काढता येतो. पीपीपीओई सोडून ग्राहकास सरळ आयपीवर आणणे, हाही एक मार्ग आहे. त्याने वेष्टनाचा प्रश्नच मिटतो, परंतु ग्राहकांची नोंदणी आणि हिशेब यांची घडी नव्याने बसवावी लागते, आणि हजारो घरांतील यंत्रांची मांडणी बदलावी लागते. कर्नलला बगल देणारी डीपीडीके व कर्नलच्या उंबरठ्यावरच काम उरकणारी एक्सडीपी या पद्धतींचा वेग विलक्षण आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात एक्सडीपीने एका कोअरवर सेकंदाला २ कोटी ४० लाख पॅकेटे नुसती टाकून देण्यापर्यंत मजल मारल्याचे दाखविले आहे. पण टाकून देणे आणि हिशेब ठेवून पुढे पाठविणे यांत अंतर आहे, आणि रात्री नऊ वाजता बिघडलेली गोष्ट गावात कोण दुरुस्त करणार, हाही विचार आहेच.

चार मायक्रोसेकंदांचे दोन करणे हेही वाटणीइतकेच मोलाचे. ग्राहकागणिक एकेक ओळ लिहीत नियमांची यादी हजारावर गेली, तर प्रत्येक पॅकेट ती वरून खाली वाचीत जाते. तीच यादी संचाच्या स्वरूपात लिहिली म्हणजे एकाच शोधात काम भागते. कोअर शंभर टक्के भरलेला असेल तेव्हा हा बदल प्रथम करून पाहावा. त्यास खर्च नाही.

वाटणी साधल्यावर पुढची मर्यादा समोर येते, तिचा उल्लेख करून थांबतो. एखाद्या प्रवाहाच्या जाणाऱ्या व येणाऱ्या पॅकेटांचे हॅश सामान्यतः वेगळे येतात, म्हणून दोन कोअर एकाच नोंदीवर आळीपाळीने लिहितात आणि ती नोंद त्यांच्या कॅशांमध्ये ये-जा करीत राहते. हॅशची किल्ली विशिष्ट रीतीने, सोळा बिटांचा एकच तुकडा पुनःपुन्हा लिहून, निवडल्यास दोन्ही दिशांचा हॅश एक येतो. परंतु जेथे पत्तांतरण होते तेथे परतीच्या पॅकेटावर ग्राहकाचा नव्हे तर सेवादात्याचा सार्वजनिक पत्ता असतो. चार आकडेच बदललेले असल्याने ही युक्ती लागू पडत नाही. त्याचप्रमाणे एखाद्या कचेरीची सारी वाहतूक एकाच बोगद्यातून, एकाच पत्त्यांच्या जोडीने जात असेल, तर ती किती का मोठी असेना, कार्डाच्या दृष्टीने तो एकच प्रवाह ठरतो आणि एकाच कोअरवर जातो. तेथे कोणतीही हॅश-वाटणी उपयोगी नाही. बोगदेच एकाचे चार करावे लागतात. यांपैकी कोणताही बदल केला, तरी एका वेळी एकच करावा, आणि रांगांचे व कोअरांचे तेच आकडे दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, रात्री साडेआठ ते दहा या अवधीत, पुन्हा घ्यावेत.